बोअरिंगचा वायसर

आमच्या दापोली तालुक्यात हातपंपाला हातपंप कोणी म्हणत नाही. ते नाव सरकारी कागदावरचं. गावात त्याला बोअरिंग म्हणतात. जमिनीला पाडलेलं भोक म्हणजेही बोअरिंग, वरचा लोखंडी खांब म्हणजेही बोअरिंग, आणि तिथली बायकांची रांग म्हणजेही बोअरिंगच. "बोअरिंगवर कोण हाय गो?" असं एकीने विचारलं की दुसरीने किती हंडे पुढे आहेत ते सांगायचं, ही रीत.

या बोअरिंगची हकीकत मला सांगायची आहे. ती जालन्यापासून सुरू होते, सोलापूर, मद्रास, कोइमतूर करीत आमच्या वाडीत येते. पंप कोणी बनवला, किती बसवले, याची मोजदाद बरीच झाली. माझं लक्ष मात्र दुसरीकडे आहे. पंप बिघडला तर तो उघडायचा कोणी, आणि तो उघडता येईल असा बनवला आहे की नाही, एवढंच मी बघत आलो.

आमच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटावरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मग तुम्हाला पाण्याची काय ददात? त्याला जांभा दगड माहीत नसतो. जांभा म्हणजे चाळण. आगोटीपासून दिवाळीपर्यंत पडलेलं पाणी त्यातून खाली जातं, पऱ्यांतून समुद्राला मिळतं, आणि शिमगा सरला की डोंगरातल्या वाड्यांवर बायका कळशा घेऊन व्हाळाची वाट धरतात. आंजर्ले, मुरूड, केळशी अशा किनाऱ्यावरच्या गावांत पाणी वर असतं. तिथे माडा-पोफळीची आगरं आणि आगरात रहाट.

रहाट मी लहानपणी पुष्कळ पाहिला. बैल गोल फिरायचा, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकात अडकायचे, आणि बावीत सोडलेली लोट्यांची माळ वर यायची. लोटे मातीचे, कुंभाराकडचे, काथ्याच्या दोरीने बांधलेले. एखादा लोटा बावीच्या कडेला आपटून फुटायचा. फुटला तर फुटला. बाकीचे लोटे पाणी आणतच राहायचे. संध्याकाळी बैल सोडल्यावर आगरातला माणूस नवा लोटा बांधायचा. दाता मोडला तर सुतार गावातच होता, लाकूड आगराच्या कुंपणाला होतं. रहाटात असा एकही भाग नव्हता की ज्याच्यासाठी तालुक्याला जावं लागेल. बनवताना कोणी तसा विचार केला असेल असं नाही. गावात जे मिळतं त्यातूनच तो बनत होता, म्हणून गावातच दुरुस्त होत होता.

पुढे आगरवाल्यांनी ऑइल इंजिनं घेतली. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धाटणीची, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची, जड चाकाची इंजिनं राजकोटला बनायची. त्यांच्या पोटाला एक झाकण असतं. ते काढलं की हात आत घालून बेअरिंग बघता येतं, इंजिन पायावरून उचलावं लागत नाही. त्यामुळे बाजारातल्या कुठल्याही फिटरला ते जमायचं. पण हे सगळं आगरवाल्यांचं झालं. डोंगरातल्या वाडीला ना रहाट, ना इंजिन. आमचा पोहरा आणि दोरी, आणि बाव आटली की व्हाळातला डुरा.

हातपंप महाराष्ट्रात आधी आले ते घाटावर. बिहारचा 1966-67 चा दुष्काळ पडला तेव्हापासून युनिसेफने खडक फोडणारी वेगवान यंत्रं भारतात आणली. जो खडक सुरुंगाला महिनोन् महिने दाद देत नव्हता तो दिवसा-दोन दिवसांत फुटायला लागला. मग 1972 चा दुष्काळ. आम्ही तेव्हा शाळेत. सुकडी, खडी फोडणारी माणसं, हे आम्ही घाटावरून आलेल्या लोकांकडून ऐकलं. त्या वर्षांत मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात बोअरा पडल्या आणि त्यांवर पंप बसले.

पण पंप कसले? ओतीव लोखंडाचे. युरोप-अमेरिकेत शेतावरच्या एका घरासाठी जो पंप असतो, त्याचीच नक्कल इथल्या कारखान्यांनी केलेली. एका घरात दिवसाला दहा-वीस बादल्या लागतात. आमच्या गावात तीनशे माणसं, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत. दांड्याची खीळ झिजायची, दांडा हलायला लागायचा, मग हिसके बसून ओतीव लोखंडाला तडा जायचा. ओतीव लोखंड तडकलं की गावच्या लोहाराला ते सांधता येत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी निम्म्याहून जास्त बंद होते. खाली पाणी, वर पंप, आणि बाया परत जुन्या वाटेला.

यावर पहिला इलाज निघाला तो जालन्यात. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे लोक तिथे पाण्याचं काम करीत होते. रोज मोडके पंप बघून त्यांनी ओतीव लोखंड सोडलं आणि पोलादाचे पत्रे-नळ जोडून पंपाचं डोकं बनवलं. दांड्याला अनेक खिळींऐवजी एकच आस ठेवला. पुढे सोलापुरात त्याच्यावर आणखी हात फिरला. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला कमान आणि तिच्यावरून साखळी, असा प्रकार होता. सायकलची साखळी असते त्याच जातीची, पण जाड. दांडा वर-खाली गेला तरी साखळीमुळे खालची कांब सरळ रेषेत ओढली जाते, कडेला घासत नाही. हे मला फार आवडतं. जालना आणि सोलापूर, दोन्ही कोरडी गावं. ज्यांच्याकडे पाणी नव्हतं त्यांनीच पंप सुधारला.

ही सोलापूरची कल्पना घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नवा पंप केला. त्याचं नाव इंडिया मार्क टू. रिचर्डसन अँड क्रुडास ही मूळची भायखळ्याची कंपनी, तिच्या मद्रासच्या कारखान्यात तो प्रथम बनू लागला. ते साल 1977 च्या सुमाराचं. त्याचा आराखडा कोणा एकाच्या मालकीचा ठेवला नाही. कोणीही कारखानदाराने बनवावा, फक्त मापं तीच पाहिजेत. 1979 मध्ये त्याला भारतीय मानक मिळालं, क्रमांक 9301. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसतो, एकाची साखळी दुसऱ्याला चालते, ती या कागदामुळे. दुरुस्तीची अर्धी गोष्ट इथेच होते, असं माझं मत आहे. सुटा भाग बाजारात कुठेही मिळाला पाहिजे आणि तो बसला पाहिजे. नाहीतर नुसता पाना हातात घेऊन काय करायचं?

आमच्या वाडीत मार्क टू आला 1986 साली, फेब्रुवारीत. गाडीने दोनशे फूट मारले. धूळ पांढरी, मग लाल, मग काळी, आणि एकशे वीस फुटांवर चिखल उडाला तेव्हा म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. सिमेंटचा ओटा झाला, तीन पायांचा खांब रोवला, वर पाण्याची टाकी, तिच्यावर डोकं. मी नव्या अभ्यासक्रमाची दहावी झालेलो, इंग्रजी अक्षरं वाचता येत होती, म्हणून देखभालीला मला नेमलं. दोन पाने आणि ग्रीसचा एक डबा दिला. मिनिटाला चाळीस हात मारले की बारा-पंधरा लिटर पाणी, म्हणजे एक कळशी. दांडा भरीव लोखंडाचा. खालच्या कांबींचं वजन त्याने तोललं जातं, म्हणून दहा वर्षांची पोरसुद्धा तो चालवू शकायची.

डोक्याच्या पुढे एक झाकण असतं, एका बोल्टवर. तो सोडला की साखळी, आस, बेअरिंग सगळं डोळ्यासमोर. महिन्यातून एकदा साखळीला ग्रीस लावायचं, बोल्ट आवळायचे. तीन वर्षं पंपाने त्रास दिला नाही. मी घाटावरच्या जुन्या पंपांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यामुळे मला त्याचं मोठं कौतुक.

1989 च्या मे महिन्यात एका सकाळी दांडा हलका झाला. मारा मारा मारलं तरी पाणी नाही. झाकण उघडून बघितलं तर वर सगळं जागच्या जागी. म्हणजे बिघाड शंभर फूट खाली, सिलिंडरमध्ये. तिथे दट्ट्या असतो, त्याला चामड्याचा वाटीसारखा वायसर. तो झिजला की दट्ट्या पाणी उचलत नाही. त्याची किंमत तेव्हा पाच-सात रुपये असेल.

आता गंमत बघा. वरचा अख्खा पंप उघडायला एक बोल्ट. पण झिजतो तो वायसर, आणि तो ठेवलाय सगळ्यांच्या खाली. मार्क टूचा नळ बत्तीस मिलिमीटरचा, आणि सिलिंडर त्याच्या दुप्पट जाडीचा. दट्ट्या नळातून वर येऊच शकत नाही. वायसर बदलायचा तर दहा-दहा फुटांचे दहा नळ, आतल्या कांबी, तळाचं सिलिंडर, आणि नळात भरलेलं पाणी, असं दीडशे किलोच्या आसपासचं वजन बोअरीतून वर खेचायचं. एक एक नळ सोडायचा, वायसर घालायचा, परत एक एक जोडत खाली सोडायचा. त्याला गाडी लागते, चिमटे लागतात, सरावाची चार-पाच माणसं लागतात.

दुरुस्तीच्या पथकाकडे गाडी एक, तालुका अख्खा, आणि मे महिना. आमचा नंबर लागेना. मी तीनदा जाऊन अर्ज दिला. इकडे बायका रात्री दोन वाजता व्हाळात जायला लागल्या, कारण पहाटेपर्यंत डुऱ्यात जेवढं पाझरेल तेवढंच पाणी. वरच्या घरातली काकी अंधारात कातळावर घसरली, मनगट मोडलं. एकोणीस दिवस गेले. एका रात्री कळशी ओट्यावर ठेवता ठेवता आमची ही म्हणाली, "वायसर पाच रुपयांचा, आणि त्याच्यासाठी आम्ही एकोणीस दिवस व्हाळात? हे यंत्र बनवलं त्याच्या घरी पाणी कोण भरतं?"

मी उत्तर दिलं नाही. पण हा प्रश्न त्याच सुमाराला, तिकडे लांब, पंप बनवणाऱ्यांनाही पडला होता, हे मला नंतर कळलं.

शेवटी आम्ही ठरवलं की नळ आपणच काढायचे. पथकातल्या मेकॅनिकला आम्ही भाऊ म्हणायचो. त्याला बाजारात गाठून म्हटलं, "भाऊ, चिमटे आम्हाला द्या. आम्ही काढतो."

"पाइप हातातनं सुटला तर बोअर गेली म्हणून समज. मग माझ्याकडे येऊ नको," भाऊ म्हणाला. पण चिमटे दिले, आणि रविवारी स्वतःही आला. माणूस भला. सुट्टीच्या दिवशी एस. टी. ने आला.

ऐनाच्या तीन वाशांची तिकाटी उभी केली. हर्णै बंदरात एक ओळखीचा तांडेल होता, त्याच्याकडून होडीची दुहेरी कप्पी आणि जाड दोर आणला. भाऊने टाकी काढली, चिमट्याने नळ धरला, आणि आम्ही सहा जण दोराला लागलो. एक नळ वर आला की चिमटा आवळायचा, पाइप-पान्याने वरचा नळ सोडायचा, आतली कांब सोडायची, पुन्हा दोर. वाडीतली सगळी माणसं लांब उभी, कोणी बोलत नव्हतं. चिमटा निसटला असता तर शंभर फूट नळ खाली गेला असता आणि वाडीला पुन्हा बोअर मिळायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. सकाळी सातला लागलो ते दुपारी दीडला सिलिंडर हातात आलं. वायसर बघितला तर चिंध्या. भाऊने आणलेला नवा घातला. चारला पाणी आलं. काकीने गळ्यात बांधलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने पहिला दांडा मारला.

तेव्हापासून मला मजबूत वस्तू आणि दुरुस्त होणारी वस्तू यांतला फरक कळला. आपण बाजारात विचारतो, "टिकेल का?" मार्क टू टिकाऊ होता, जुन्या ओतीव पंपाच्या दहापट. तो क्वचित मोडायचा. पण मोडला की गावाच्या हाताबाहेर जायचा. जुना पंप वारंवार मोडायचा आणि तोही गावाच्या हाताबाहेर. रहाट रोज थोडा थोडा मोडायचा आणि रोज संध्याकाळी नीट व्हायचा. टिकाऊपणाचं माप वर्षांत असतं. दुरुस्तीचं माप, पाणी बंद किती दिवस राहिलं, त्यात असतं. आणि ते दिवस पंप बनवणाऱ्याच्या वहीत पडत नाहीत, बायकांच्या डोक्यावर पडतात.

तिकडे पंपवाल्यांनी काय केलं ते सांगतो. 1981 ते 1990 हे संयुक्त राष्ट्रांनी पाण्याचं दशक म्हणून पाळलं. त्या काळात जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने जगभरचे हातपंप तपासले आणि एक कसोटी ठेवली: पंप गावपातळीवर चालवता आणि दुरुस्त करता आला पाहिजे. कोइमतूरच्या बाजूला 1983 पासून पाच वर्षं मार्क टूवर प्रयोग झाले. त्यातून निघाला मार्क थ्री. वरून बघितलं तर तोच पंप. फरक खाली. नळ पासष्ट मिलिमीटरचा केला आणि सिलिंडर पन्नासचं. म्हणजे दट्ट्या नळापेक्षा बारीक. आता नळ जागेवर राहतो, नुसत्या कांबी ओढल्या की दट्ट्या वर येतो, आणि तळाची झडपही त्याच्याच मागून निघते. चामड्याच्या वायसरच्या जागी नायट्राइल रबराचा आला, तो जास्त टिकतो.

काही नवा शोध लावला नाही. ज्या भागाला वारंवार हात लावावा लागतो, त्याची वाट मोकळी केली, इतकंच. शेतकरी बैलगाडीचा आस कुठे ठेवतो, कडी कुठे ठेवतो, ते हाच विचार करून ठेवतो.

माझ्या बहिणीच्या सासरी असा पंप मी पाहिला, 1995 च्या सुमाराला. दोन बायका आणि एक पोरगा. कांबी वर ओढल्या, वायसर बदलला, तासाभरात पाणी. मला आमची तिकाटी आणि ती कप्पी आठवली. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत नाही तुमच्याकडे काय आहे.

आफ्रिकेत तर आणखी पुढे गेले. मलावी आणि केनियात ऐंशीच्या दशकात अफ्रिडेव्ह नावाचा पंप झाला. तो सुरुवातीपासूनच गावच्या माणसाने उघडायचा म्हणून आखलेला. सगळा पंप एका पान्यावर उघडतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून नव्वदच्या दशकात गावच्या बायकांनाच पंप दुरुस्तीचं शिक्षण दिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका मार्क टूचे नळ उपसायला लागल्या. म्हणजे अवघड पंपसुद्धा माणसाच्या हाती आणता येतो, हत्यारं आणि शिक्षण दिलं तर. पण मग विचारावंसं वाटतं, सोपा पंप असताना अवघड का?

उत्तर पैशाचं आहे. मार्क थ्रीचा जाड नळ महाग आणि जड. बसवताना खर्च जास्त. टेंडर उघडतात तेव्हा बसवण्याची किंमत कागदावर असते. पुढच्या वीस वर्षांत गाडी किती वेळा येणार, डिझेल किती जाणार, बाया किती रात्री व्हाळात जाणार, याचा रकाना त्या कागदाला नसतो. म्हणून देशभर लाखांनी बसले ते मार्क टूच. कुणी वाईट बुद्धीने केलं असं मी म्हणत नाही. कमी पैशात जास्त वाड्यांना पाणी द्यायचं होतं, तेही खरंच होतं. ज्या वाडीला पंपच नाही तिला मार्क टू आणि मार्क थ्रीचा वाद सांगून काय उपयोग?

नंतर वीज आली, पाण्यातल्या मोटारी आल्या. बोअरीत मोटार सोडायची, टाकी भरायची, घराघरात नळ. मी त्याच्या विरुद्ध नाही. हिचे गुडघे बघितले की हातपंपाचं कौतुक सांगायची मला लाज वाटते. पण अनेक वाड्यांनी मोटार बसवताना हातपंपाचं डोकं काढून भंगारात दिलं. आमच्या ग्रामसभेतही तो विषय निघाला. मी आणि आणखी तिघांनी हट्ट धरला की दांडा राहू द्या. एकाच बोअरीत हातपंप आणि मोटार दोन्ही बसतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची दुहेरी पंपाची योजना महाराष्ट्रात आहेच. सभेत थोडं हसणं झालं. चाकरमानी मंडळी म्हणाली, काका जुन्या काळातले. शेवटी दांडा राहिला, खर्च काही विशेष नव्हता म्हणून.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली, मंडणगड, तिकडे श्रीवर्धन, सगळी झोपली. माड, पोफळी, आंब्याची चाळीस-पन्नास वर्षांची झाडं मुळासकट. विजेचे खांब वाटेवर आडवे. आमच्या वाडीत सत्तावीस दिवस वीज नव्हती. वर कोरोना. पावसाचे दिवस असले तरी बावीत झाडांचा पाला, मेलेली जनावरं, पाणी प्यायच्या लायकीचं नाही. खालच्या दोन वाड्यांच्या बोअरीत मोटार होती, दांडा नव्हता. चांगलं पाणी पायाखाली दीडशे फुटांवर, आणि वर काढायला काही नाही. त्यांच्या बायका आमच्या बोअरिंगवर आल्या. मुलांनी चुन्याने गोल आखले, एका गोलात एक हंडा. सकाळी पाचपासून दांडा थांबत नव्हता. सहाव्या दिवशी साखळी तुटली. मी पेटीतून दुसरी काढली, एक बोल्ट सोडला, पाऊण तासात दांडा पुन्हा सुरू. खालच्या वाडीतला एक मुंबईचा मुलगा हे बघत होता. तो म्हणाला, "काका, बस एवढंच?" म्हटलं, बस एवढंच.

अलीकडे एक वेगळाच प्रकार बघतो. मोटार जळली तर वाइंडिंग करणारा खेडला मिळतो, तांब्याची तार भरून देतो. पण तिच्याबरोबर येणारी पेटी असते, त्यातलं कार्ड काळ्या लाखेसारख्या पदार्थात बुडवलेलं. आत काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून, की पाण्याने खराब होऊ नये म्हणून? कंपनीवाला दुसरं सांगतो, मला पहिलं वाटतं. माझा बॅटरीचा फवारणी पंप असाच. मोहोर सुटलेला, तुडतुडे पडलेले, आणि पंप बंद. बघितलं तर एक तार सुटलेली असावी, पण खोलीला स्क्रू नाहीत, चिकटवलेली. फोडल्याशिवाय उघडत नाही, आणि फोडली की हमी गेली. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. आंब्याला फवारणीचे चार दिवस चुकले तर वर्षाचं पीक जातं, हे ती खोली चिकटवणाऱ्याला माहीत असतं का?

यावर सरकारदरबारी काही हालचाल आहे हे वाचून बरं वाटलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार प्रकारच्या वस्तू घेतल्या, त्यांत शेतीची अवजारं पहिल्यापासून आहेत. फ्रान्समध्ये 2021 साली मोबाइल, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर दहापैकी गुण लावायला सुरुवात झाली: उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, किमती काय. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2023 साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला, कारण तिथले ट्रॅक्टर कंपनीच्या संगणकाशिवाय उघडेनासे झाले होते. म्हणजे शेकडो एकरांचा धनी आणि वीस गुंठ्यांचा मी, दोघांची तक्रार एकच निघाली.

उद्या आपल्याकडेही वस्तूंवर असे गुण लागले तर माझी एक सूचना आहे. तपासणाऱ्याने प्रयोगशाळेत बसून स्क्रू मोजू नयेत. जो भाग सगळ्यांत आधी झिजतो तो कुठे ठेवलाय, ते आधी बघावं. मग त्याला हात लावायला काय काय काढावं लागतं, ते मोजावं. मार्क टूला डोक्यासाठी दहापैकी नऊ गुण मिळतील आणि वायसरसाठी एक. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढली तर पाच येतात, आणि पाच म्हणजे पास. ती पास झालेली गोष्ट आम्ही एकोणीस दिवस भोगली.

आमच्या बोअरिंगला आता चाळीस वर्षं होत आली. नळ दोनदा बदलले, ओटा तीनदा. मार्क टूच आहे, अजून. सुट्या भागांची पेटी पूर्वी माझ्याकडे होती, आता पुतण्याच्या सुनेकडे आहे. तिने आयटीआय केलंय, फिटरचं. पेटीत दोन साखळ्या, एक आस, बेअरिंगची जोडी, नायट्राइलचे सहा वायसर, ग्रीस आणि तेच 1986 चे दोन पाने. चिमटे वाडीने वर्गणी काढून स्वतःचे घेतले. गेल्या मे महिन्यात तिने डोकं उघडलं तेव्हा झाकणाचा बोल्ट गंजून बसला होता. मी हातोडी मागितली. ती म्हणाली, "नको आजोबा, माथा तुटेल." तिने बोल्टवर डिझेल सोडलं, फडकं गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी पान्याने अलगद सुटला.